फायनलनंतरचा रविवार

बाबांनी फायनल बघायला डझनभर माणसांना घरी बोलावलं तेव्हा फायनल होऊन एक दिवस उलटला होता. हे मला माहीत होतं. आईला माहीत नव्हतं, आणि बाबांना माहीत असतं तर त्यांनी कोणाला बोलावलंच नसतं. मी चौदा वर्षांची होते, मला तोंड होतं, आणि मी गप्प बसले. पुढचं सगळं त्या गप्प बसण्यातून झालं, म्हणून ते आधीच कबूल करून टाकते.

आम्ही तेव्हा अमेरिकेत, शॉमबर्गमध्ये राहत होतो. घर बाहेरून शेजारच्या घरांसारखंच होतं. आमचं कुठलं ते फक्त वासावरून कळायचं. आत तीन आवाज कायमचे होते. हिवाळ्यात घर गरम ठेवणारी तळघरातली भट्टी दर वीस मिनिटांनी घसा खाकरून सुरू व्हायची. स्वयंपाकघराच्या दारावरचा धुराचा अलार्म आईच्या प्रत्येक फोडणीला बोंब मारायचा, मग बाबा वर्तमानपत्राने त्याला वारा घालत आणि आई म्हणे, "जरा जोरात, तो ऐकत नाहीये." आणि संध्याकाळी पावणेसहाला गॅरेजचं दार कुरकुरत वर जायचं, म्हणजे बाबा आले. बाबा टेलिफोनची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत त्या यंत्रांमधल्या चुका शोधायचं काम करत. टेस्टिंग. घरीही ते तेच करत, फक्त घरी त्यांना स्वतःच्या चुका सापडत नसत.

त्या हिवाळ्यात कंपनीने जाहीर केलं की बाबांच्या विभागातली अर्धी माणसं टेक्सासला हलवायची. कोण जाणार आणि कोण राहणार, ही यादी बाबांचा मॅनेजर डग करणार होता. आमच्या घरात कोणालाच जायचं नव्हतं. बाबा म्हणायचे, नागपूरचा उन्हाळा सोडून आलो तो टेक्सासचा घ्यायला का? आईला नुकतीच लायब्ररीत कायमची नोकरी लागली होती. आणि माझ्या पाच वर्षांत तीन शाळा झाल्या होत्या. नव्या शाळेत डबा खाताना शेजारी बसणारं एक माणूस मिळवायला साधारण एक वर्ष लागतं, हे मी अनुभवाने सांगते. या शाळेत मला जेनी मिळाली होती. चौथ्यांदा ते काम करायची माझी तयारी नव्हती.

जेनीकडे दरवर्षी फायनलची पार्टी असायची. फायनल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची. त्या दिवशी रस्ते ओस पडतात आणि दुकानात बटाट्याचे वेफर उरत नाहीत. मी आठवडाभर आधी विषय काढला. बाबा जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रातलं टीव्हीचं पान पसरून बसले होते.

"बाबा, रविवारी जेनीकडे फायनल बघायला जाऊ?"

बाबांनी पानावर बोट ठेवलं. "ही फायनल नाही. पुढच्या रविवारी अजून एक सामना आहे. हवाईला."

"तो वेगळा असतो, बाबा. तो नुसता—"

"मिनू, स्पर्धेच्या शेवटी काय असतं?"

"फायनल."

"आणि फायनलनंतर?"

"काही नाही."

"झालं तर मग. ज्याच्यानंतर काही नाही ती फायनल. सेमीफायनल बघायला लोकांच्या घरी जायची गरज नाही. सोमवारी तुझा बायॉलॉजीचा पेपर आहे."

आज मागे वळून बघताना मला त्या तर्कात एकही भोक सापडत नाही. या देशातले लोक खरा निकाल लागल्यावर आठवड्याने पुन्हा एक सामना खेळतात, ज्यात जिंकून काही मिळत नाही आणि हरून काही जात नाही, हे कोणा शहाण्या माणसाच्या डोक्यात येईल? पण चौदाव्या वर्षी मला तर्काचं कौतुक नव्हतं. मी म्हणाले, "बरं." आमच्या घरात "बरं" हा शब्द फार धोक्याचा होता, पण बाबा टेस्टिंगवाले असूनही त्यांना तो कधी पकडता आला नाही.

त्या रविवारी मी बेडकाचं हृदय पाठ केलं आणि बाबांनी गॅरेज आवरलं. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या होत्या, शेजारून आरोळ्या येत होत्या. बाबा हातात फडकं घेऊन आत आले आणि म्हणाले, "सेमीलाच एवढा उत्साह! फायनलला बघ मग." मी वहीत डोकं घातलं. मला हसू आवरत नव्हतं. सोमवारी ऑफिसात सगळे सामन्याबद्दलच बोलत होते. बाबा एरवी आपला डबा आपल्या टेबलावर एकटे खात, पण त्या दिवशी त्यांना स्फुरण चढलं. संध्याकाळी गॅरेजचं दार वर गेलं आणि बाबा बूटही न काढता आत येऊन म्हणाले, "अगं, रविवारी मी सगळ्यांना बोलावलंय. आपल्या तिन्ही मराठी घरांना, आणि डगला. बायकोसकट. आधी तो चकितच झाला. म्हणाला, या रविवारी? मी म्हटलं, अर्थातच, शेवटचा सामना चुकवायचा कसा?"

डगचं नाव ऐकलं आणि माझं हसू गेलं. यादी करणाऱ्या माणसासमोर बाबा वेडे ठरणार होते, आणि ते माझ्यामुळे. शहाणी मुलगी असती तर तिने तिथेच सांगितलं असतं. मी शनिवारपर्यंत थांबले. आई उकडलेल्या बटाट्यांच्या डोंगरासमोर बसली होती.

"आई, उद्याचा सामना फायनल नाहीये. फायनल होऊन गेली."

आईने सोलणं थांबवलं नाही. "मग हा कसला सामना आहे?"

"सगळ्या टीममधले निवडक खेळाडू घेतात आणि दोन नव्या टीम करतात. ऑल-स्टार म्हणतात. गंमत म्हणून खेळतात. उगाच लागायला नको म्हणून कोणी जोर लावत नाही."

"जिंकलं तर?"

"काही नाही."

"हरलं तर?"

"तेही काही नाही."

"म्हणजे मंडळाचं स्नेहसंमेलन," आई म्हणाली आणि पुढचा बटाटा उचलला.

"बाबांना सांगू का?"

"मुळीच नको. त्यांना कळलं तर ते दारात उभं राहून एकेकाची वेगवेगळी माफी मागतील. त्यांना वाटतंय फायनल, तर वाटू दे. न कळलेला माणूस निदान ताठ तरी वागतो." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "तुला कधीपासून माहितीये? नको, सांगू नकोस. मला ओरडावं लागेल, आणि आत्ता हात भरलेत."

रविवारी बर्फ पडत होता. बाबांनी टाय लावला होता. सगळ्यांत आधी जोशीकाका आणि कुंदाकाकू आले. जोशीकाका पुण्याचे, बाबांच्याच विभागात, आणि त्यांना प्रत्येक गोष्टीतलं माहीत असायचं; म्हणजे त्यांनाही हा सामना कसला ते ठाऊक होतं. पण ते काही बोलले नाहीत. त्यांनी सोफ्यातली मधली जागा पकडली आणि सिनेमाचं तिकीट काढून बसलेल्या माणसासारखे हात पोटावर ठेवले. मग बाकीची दोन मराठी घरं आली, आणि पुन्हा बेल वाजली. दारात डग. सहा फुटांच्या वर उंची, अंगात जाड स्वेटर, आणि स्वेटरवर मोठमोठ्या जास्वंदी छापलेला हवाईयन शर्ट. मागे त्याची बायको कॅरल, हातात उसळीच्या थरांवर चीज घातलेलं काहीतरी.

"वेलकम, डग!" बाबा त्याचा हात हलवत म्हणाले. "वर्षातला सगळ्यात मोठा सामना!"

डगने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, टायकडे पाहिलं, आणि तो इतक्या मोठ्याने हसला की छपरावरचा बर्फ खाली पडला. त्याने बाबांच्या पाठीत एक थाप मारली. बाबांनाही बरं वाटलं.

पुढचा तासभर मी हातात चटणीची वाटी घेऊन भिंतीला टेकून उभी होते आणि माझ्या डोळ्यांसमोर बाबा विनोदवीर झाले. त्यांना कल्पना नव्हती. पडद्यावर ऊन, माडाची झाडं, आणि गळ्यात फुलांचे हार घातलेले धिप्पाड खेळाडू. बाबा गंभीरपणे म्हणाले, "सामन्याआधीच हार? यांचा आत्मविश्वास दांडगा आहे." डग हसला. एका खेळाडूने दुसऱ्याला अडवायचं म्हणून म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडून द्यावा तसं दंडाला धरून हळूच खाली बसवलं. बाबा म्हणाले, "बघ, फायनलपर्यंत पोचलेल्या माणसाला असं शहाणपण येतं. उगाच आदळआपट नाही." डगच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आईने वड्यांचा दुसरा घाणा टाकला, अलार्म किंचाळला, आणि बाबा पडद्यावरची नजर न काढता उठून वर्तमानपत्र हलवायला लागले. तेव्हा डगही उठला आणि त्याने दुसरं वर्तमानपत्र घेतलं. कॅरल आईला म्हणाली की टेक्सासची बातमी आल्यापासून हा माणूस घरी एकदाही हसला नव्हता.

माझा जीव भांड्यात पडत होता. आणखी तासभर असंच गेलं तर बाबा वाचणार होते. पण जोशीकाकांना ते बघवेना. त्यांचं तिकीट फुकट जात होतं. सामन्याचा उत्तरार्ध सुरू झाला आणि त्यांनी वडा खाली ठेवला.

"अरे देशपांडे," ते म्हणाले, "किती वेळ चालवणार? फायनल मागच्या रविवारी झाली. हा नुसता शोभेचा खेळ आहे. याला इथे कुत्रं विचारत नाही." आणि मग डगला कळावं म्हणून हेच त्यांनी इंग्रजीतून सांगितलं, सावकाश, एकही शब्द न गाळता.

भट्टीने घसा खाकरला. बाबांचे कान लाल झाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मिनू, तू म्हणत होतीस तो वेगळा असतो म्हणून."

"हो, बाबा."

"मी ऐकलं नाही."

"नाही."

बस, एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते डगकडे वळले आणि सरळ म्हणाले, "सॉरी, डग. मला वाटलं शेवटी येते ती फायनल."

"म्हणजे तू चेष्टा करत नव्हतास?"

"मी चेष्टा करत नाही," बाबा म्हणाले, आणि हे विधान मी कोणत्याही कोर्टात शपथेवर सांगायला तयार आहे.

डगने हातातली ताटली खाली ठेवली. मग म्हणाला की तो हा सामना दरवर्षी बघतो, आणि एकटाच बघतो, कारण याच्यासाठी आजवर त्याला कोणी घरी बोलावलेलं नाही. "सगळ्यांना वाटतं हा बंद करावा."

"बरोबरच वाटतं," जोशीकाका म्हणाले. "जिंकण्याहरण्याशी संबंध नाही, तो सामना कसला? उपयोग काय त्याचा?"

डगने पडद्यावरच्या एका अवाढव्य खेळाडूकडे बोट दाखवलं. बहात्तर नंबर. "त्याची टीम यंदा जवळजवळ सगळे सामने हरली. त्याचं काम समोरच्याला अडवायचं. चेंडू त्याच्या हातात कधी येत नाही. काम नीट झालं तर कोणाला दिसत नाही. एकदा चुकला की सगळ्या देशाला दिसतं."

"म्हणजे टेस्टिंग," बाबा म्हणाले.

"अगदी तेच. आणि याला इथे निवडलं कोणी? बाकीच्यांबरोबर खेळाडूही मत देतात. वर्षभर याने ज्यांना अडवलं, त्यांनीसुद्धा सांगितलं की हा चांगला आहे."

बाबांनी खुर्ची पुढे ओढली. उरलेला सामना त्यांनी चेंडूकडे बघितलंच नाही. फक्त बहात्तर नंबर. तो कुठे उभा राहतो, आधी कोणता पाय टाकतो. मध्येच म्हणायचे, "वा!" आणि आम्हाला कळायचं नाही कशाला.

आईने वडे वाढता वाढता डगला विचारलं, निवड झाली की प्रत्येकाला यावंच लागतं का? छे, डग म्हणाला. कितीतरी जण येत नाहीत. घरी बसायचं असतं, मग गुडघा दुखतो असं कळवतात. त्यांच्या जागी पुढच्याला बोलावतात. पण ऑल-स्टार हे नाव दोघांनाही लागतं, न येणाऱ्यालाही आणि आयत्या वेळी आलेल्यालाही. जन्मभर.

"दोघांनाही?" आईने खात्री करून घेतली. "असं होय." आणि ती चटणी आणायला गेली.

हा सामना हल्ली फारच बदललाय. आता म्हणे पाडापाडी अजिबात नाही. कमरेला पट्ट्या लावतात आणि त्या ओढायच्या. माझी मुलगी म्हणते, "मॉम, जस्ट कॅन्सल इट आता." मी तिच्याशी वाद घालत नाही. मी एका हॉस्पिटलमध्ये नर्सांच्या पाळ्या लावते, आणि वर्षातून एकदा आम्ही चांगलं काम करणाऱ्यांना बोलावून केक देतो. त्या केकला काही अर्थ नाही हे सगळ्यांना माहीत असतं. आपलं नाव यादीत नसलं की मात्र दोन दिवस कोणी नीट बोलत नाही.

तर त्या शुक्रवारी गॅरेजचं दार वर गेलं आणि बाबा आत येऊन डबा हातात धरून उभेच राहिले. "डग स्वतःच टेक्सासला चाललाय," ते म्हणाले. "तिथे नवा विभाग उभा करायचाय, म्हणून निवडक माणसं नेतोय. सगळ्यांत उत्तम. यादीत पहिलं नाव माझं आहे."

आम्ही आठवडाभर बाबांना वाचवत होतो आणि वाचवता वाचवता पार टेक्सासपर्यंत पोचवलं होतं.

"पण आपल्याला जायचं नव्हतं ना?" मी म्हणाले.

"नव्हतं," बाबा म्हणाले. "पण पहिलं आहे."

बाबांना याआधी कोणी कशासाठी निवडलं नव्हतं, हे मला तोवर कधी सुचलं नव्हतं. दोन दिवस ते घरात तरंगत होते. नागपूरला दोन्ही काकांना फोन झाले. लायब्ररीतून टेक्सासचा नकाशा आला. टेक्सासचा उन्हाळा कोरडा असतो, तो बाधत नाही, असंही एकदा ऐकलं. मी जेनीच्या घरी जाऊन तिला सांगितलं आणि आम्ही दोघी तिथे काही न खाता बसलो. आईने शनिवारी शिरा केला, देवापुढे ठेवला, बाबांना वाढला. रविवारी सकाळी चहा देताना म्हणाली, "झाला सत्कार? आता गुडघा."

"कुठला गुडघा?"

"कुठलाही. डग म्हणाला होता ना, निवड झाली म्हणजे जायलाच हवं असं नाही."

"अगं, पण ते खोटं असतं."

"खोटं कसं? सांगणाऱ्याला माहीत, ऐकणाऱ्याला माहीत. सगळ्यांना ठाऊक असतं त्याला खोटं म्हणत नाहीत, पद्धत म्हणतात."

बाबा बराच वेळ चहा ढवळत राहिले. साखर केव्हाच विरघळली होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझी ती मैत्रीण. जेनी. ती चांगली आहे का?"

"हो."

"बरं," बाबा म्हणाले. त्या घरात पहिल्यांदा त्या शब्दाचा अर्थ नुसता "बरं" असा होता.

"डावा सांगा," मी म्हणाले. "जिना उतरताना तुम्ही डावाच धरता." हे खरं होतं, आणि त्यामुळे त्यांना फार सोपं गेलं.

फोन स्वयंपाकघरातल्या भिंतीवर होता. बाबांनी उभं राहून, जवळजवळ सावधानमध्ये, डगला सांगितलं. फार मोठा मान आहे. मनापासून आभारी आहे. पण गुडघा. डावा. पलीकडे असं हसणं की मला ओट्यापाशी ऐकू आलं. मग डग काहीतरी म्हणाला आणि बाबांनी रिसीव्हरवर हात ठेवला.

"विचारतोय, मग माझ्या जागी कोण?"

आईने माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. कोणाचं नाव आम्ही दोघींनी घेतलं नाही, हे मी आजही सांगू शकते. बाबांनी हात काढला आणि म्हणाले, "जोशी. तो खूप चांगला टेस्टर आहे, डग. त्याच्या नजरेतून कोणाची चूक सुटत नाही."

जोशीकाका गेले. त्यांचं फार छान झालं तिकडे. मोठं घर, मागे पोहायचा तलाव, गावातल्या मराठी मंडळाचं अध्यक्षपद. कुंदाकाकू जाताना आईच्या गळ्यात पडून रडली आणि आई तिच्यापेक्षा जास्त रडली. त्याचं कारण काकूला वाटलं त्याहून वेगळं होतं.

मागच्या वर्षी काकांच्या पंचाहत्तरीला आम्ही सगळे टेक्सासला गेलो. अंगणात पन्नास माणसं, आणि काका माईक घेऊन उभे. डगने अख्ख्या विभागातून पहिलं नाव आपलं कसं काढलं, ते सांगत होते. बाबा पहिल्या रांगेत बसून प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते. मी पोळ्या न्यायला आत गेले. काकू तव्यासमोर होती. मी म्हणाले, "काकू, काका रंगात आलेत."

"पहिलं नाव?"

"हो."

काकूने पोळी उलटली. "मला कॅरलने इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. गुडघ्याचं, सगळं." मी डबा धरून उभी राहिले. काकूने तव्यावरची पोळी डब्यात टाकली, झाकण लावलं आणि मला दाराकडे वळवलं.

"घेऊन जा. पण जरा थांबून जा हं, अजून ते टाळ्यांपर्यंत आले नसतील."